चव उद्या

वडीगोद्रीत कुणाच्याही घरी दारूची बाटली आली, की ती उघडल्यावर पहिल्यांदा किसनआप्पांच्या नाकाखालून जायची. गंमत अशी, की किसनआप्पा दारूला शिवतही नसत.

निझामी अमदानीतली गोष्ट. मी गावात शाळामास्तर म्हणून आलो आणि आप्पांच्या ओसरीलगतची खोली भाड्याने घेतली. आप्पा म्हणजे बऱ्यापैकी जमीन असलेला, मूलबाळ नसलेला, भरघोस मिशांचा माणूस. घरात ते आणि त्यांची बायको गयाकाकू, दोघंच.

आप्पांची परीक्षा चावडीवर चाले. तिचे नियम माझ्या शाळेपेक्षा कडक. तंबाखू खाणाऱ्यांनी वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसायचं. कांदा खाऊन आलेल्याने घरी जायचं. मग आप्पा पेला उचलणार, एक नाकपुडी दाबणार, मग दुसरी, मग डोळे मिटून असे बसणार की शेजारच्याला वाटावं, गेले. शेवटी पेला खाली ठेवून म्हणणार, "वास कळला. चव उद्या."

बाटली बगलेत मारून ते घरी जात आणि दुसऱ्या दिवशी चावडीवर निकाल येई. "ही धावड्याकडची मोहाची. आधी कच्च्या कैरीवानी दात आंबवती, मंग मेथी करपलेल्या फोडणीवानी कडू लागती. अन् ही जाफराबादची, लईच गुळमट, पाक बिघडल्यावानी. दोन हिस्से पहिली अन् एक हिस्सा दुसरी मिसळा. बराबर जमतं." लोक मिसळत आणि पिऊन पाहत. शपथेवर सांगतात, तस्संच लागे.

मला राहून राहून नवल वाटे ते एवढंच, की जो माणूस पाण्याचा तांब्यासुद्धा बसल्या जागी मागतो, त्याला करपलेली फोडणी आणि बिघडलेला पाक इतका कुठून ठाऊक?

आप्पांच्या न पिण्यामागे नवस होता. तरुणपणी ते चांगले झोकणारे होते म्हणतात. पण गयाकाकू तापाने अंथरुणाला खिळल्या, वैद्याने हात टेकले, तेव्हा आप्पांनी गावच्या देवीपुढे कबूल केलं: ही जगली तर जिभेला थेंब लावणार नाही. काकू जगल्या. तेव्हापासून दसऱ्याला देवीच्या पालखीचा पुढचा दांडा आप्पांच्या खांद्यावर असे. नेम पाळणाऱ्याचा मान तो. वर्षभर गबाळ्यासारखे वावरणारे आप्पा त्या दिवशी पांढराशुभ्र फेटा बांधून असे चालत, की मलाही उगाच ताठ उभं राहावंसं वाटे.

त्यांचा चुलतभाऊ तुळशीराम याचा त्या दांड्यावर फार दिवस डोळा होता.

आणि त्यात माझ्यामुळे ती बाटली आली. माझा मेव्हणा जालन्याला सरकी काढायच्या कारखान्यात होता. तिथे यंत्र बसवायला आलेला अमेरिकन साहेब जाताना त्याला एक बाटली देऊन गेला. मेव्हण्याला बायकोची भीती, म्हणून ती माझ्याकडे. मला नोकरीची भीती, म्हणून ती आप्पांकडे. मेव्हण्याने साहेबाकडून ऐकलेलं मी चावडीवर सांगितलं. तिला बर्बन म्हणतात, ती मक्याची असते, आतून जाळलेल्या लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरवतात, आणि ही तर निरनिराळ्या पिंपांतली निवडून मिसळलेली आहे, भारी किमतीची.

"मक्याची? अन् मिसळलेली?" आप्पा सरसावून बसले. "म्हंजे सायबलोकाला बी कळतं म्हनायचं."

त्यांनी पेला नाकाशी नेला. मी त्यांना पुष्कळदा वास घेताना पाहिलं होतं, पण असं नाही. कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. "कणीस भाजून राह्यलंय कुनीतरी," ते हळूच म्हणाले. "मागून गूळ... अन् हे काय? नव्या पाटाला इस्तव लागल्यावानी." मग आप्पांनी पेल्यातली दारू जपून परत बाटलीत ओतली. "वास कळला. चव उद्या."

"थांब, किसनदादा," तुळशीराम म्हणाला. "उद्या कामून? आज सांग."

"आज न्हाई कळत."

"मंग घरी नेल्यावर कसं कळतं? चव काय उशाला येऊन सांगती?"

लोक हसले. आप्पा हसले नाहीत. तुळशीरामला जोर चढला. "दसरा तोंडावर आला. पालखी खांद्यावर घ्यायची अन् घरी बसून प्यायची, हे बिलकुल चालायचं न्हाई. सांग, कोण चाखतं? घरात मानसं दोन. तू पीत न्हाईस म्हनतोस, मंग राह्यली—"

"म्या पितो," आप्पा ताडकन उठून म्हणाले. "मीच पितो. दर वेळी. दांडा तू घे, तुळशीराम."

आप्पांनी जोडे पायात सरकवले आणि मान खाली घालून चालू लागले. बाटली मात्र न्यायला विसरले नाहीत.

मला त्यांचा भयंकर राग आला. मी स्वतः निर्व्यसनी आणि त्याचा मला नको तेवढा अभिमान. नवस मोडणाऱ्याच्या घरात राहायचं नाही, असं ठरवून दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीची किल्ली द्यायला मी मागच्या दाराने गेलो आणि दारातच थबकलो.

आप्पा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाठ करून बसले होते. आत चुलीपाशी गयाकाकू. त्यांच्यापुढे वाटी, वाटीत ती तांबूस दारू.

"सांग की," आप्पा म्हणत होते.

"न्हाई सांगत. खोटं कशापायी बोलले चावडीवर? पालखी गेली ना हातची?"

"जाऊ दे. तुझं नाव चार मानसांत घेतलं असतं त्यानं. त्यापरीस गेली ते बरं."

तेवढ्यात काकूंनी मला पाहिलं. पदर सावरला, पण वाटी लपवली नाही. "बघा मास्तर," त्या म्हणाल्या, "माझ्यापायी ह्यांचं सुटलं. बाटली दिसली की नुसता वास घेऊन लेकरावानी बसायचे. मला बघवंना. नवस ह्यांच्या जिभेचा व्हता, माझ्या जिभेचा न्हाई."

त्यांनी करंगळी वाटीत बुडवून जिभेला लावली. तोंड वाकडं झालं, मग सरळ झालं. "आधी चटका बसतो. मंग काकवीची कढई खरवडून खाल्ल्यावानी. अन् शेवटाला... भाकरीचा करपलेला पापुद्रा, लोणी लावलेला."

"लोणी," आप्पा डोळे मिटून पुटपुटले. "वाटलंच व्हतं."

किल्ली मी खिशात ठेवली आणि निमूट खोलीत आलो. चावडीवर जाऊन खरं सांगावं, असं फार वाटत होतं. पण सांगितलं असतं, तर आप्पांनी ज्यासाठी दांडा सोडला तेच गेलं असतं. दसऱ्याला तुळशीराम पुढे मिरवला. आप्पा जुनाच फेटा बांधून गर्दीच्या मागे उभे होते. मला त्या दिवशी मनापासून वाईट वाटलं.

चावडीवरची परीक्षा बंद झाली. पिणाऱ्याच्या नाकाला कोण विचारणार? आता आप्पांच्या सुखाला ती एकच बाटली उरली. काकूंनी ती कपड्यांच्या पेटीत कुलपात घातली. आप्पांना वाससुद्धा घेऊ देईनात. म्हणत, "वासानं उडती." बाजारच्या दिवशी दुपारी त्या करंगळीभर चाखत आणि दर वेळी नवं काही सांगत. कधी जायफळ घातलेला शिरा, कधी चिंचेचा कोळ, कधी उन्हात वाळवलेले आवळे.

वर्ष-दीड वर्ष असं चाललं. शेवटी मला राहवेना. ओसरीवर मी आप्पांना म्हणालो, "एका बाटलीत इतक्या चवी कशा निघतात हो? आणि ती संपत कशी नाही?"

आप्पांनी आत एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ती कवाच फुटली, मास्तर. पोळ्याला सारवताना पेटी हलवली तिनं. म्या गोठ्यात होतो, तिथवर घमघमाट आल्ता. इचारलं तर म्हनली, काकवी सांडली."

"मग वाटीत काय असतं?"

"पानी. दारू असती तर मला वास आला नसता व्हय?"

मी काही बोलणार, तोच आतून काकूंची हाक आली, "येताय ना? आज लई येगळी लागून राह्यली."

"आलो, आलो," म्हणत आप्पा लगबगीने उठले. उंबऱ्यावर पाठ करून बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "हां, सांग."