मेश्रामकाका आणि विमानातली दहा मिनिटं

मेश्रामकाका दूध घेतात तेव्हा पहिला घोट दूधवाल्याला प्यायला लावतात. सहा वर्षं हे चालू आहे. तो बिचारा आता घरून चहा न पिताच निघतो. एकदा मी म्हटलं, "काका, सहा वर्षांत त्याला काही झालं नाही ना?" तर आवाज खाली आणून म्हणाले, "त्याचाच तर डाऊट हाये मले. सहा वर्षं कोणाचं दूध एकसारखं राहते काय? कुठंतरी पानी मुरून राहिलं, भाऊ."

रायपुरात भनपुरीच्या अलीकडे आमची कॉलनी आहे, आणि समोरच्या घरात काका एकटेच राहतात. मूळचे भंडाऱ्याकडचे. सगळी नोकरी रेल्वेत गेली, मालगाडीचे डबे तपासण्यात. उभ्या गाडीच्या कडेनं हातोडी घेऊन चालायचं, चाकावर टोला द्यायचा आणि आवाजावरून ठरवायचं, चाक धड आहे की तडकलंय. "चाक खोटं बोलत नाही," ते सांगतात, "मानूस बोलते." रिटायर झाल्यावर हातोडी गेली, सवय राहिली. भोपळ्यावर टिचकी, सिलेंडरवर टिचकी, नवीन शेजारी आला तर त्याच्यावरही टिचकी.

माझ्यावरची टिचकी मला आठवते. बदली होऊन आलो त्याच आठवड्यात जिन्यात अडवून विचारलं होतं, "पुण्याहून रायपूरले काहून आले? लोक तर इकडून तिकडं जाऊन राहिले. तिकडं काही केलं तर नाही ना?"

असा हा माणूस गेल्या मे महिन्यात मला विमानतळावर दिसला, तेव्हा मी जागीच थांबलो. ऑफिसच्या कामासाठी मी पुण्याला निघालो होतो. तपासणीच्या रांगेत पुढे गोंधळ चालला होता. एका म्हाताऱ्याला पिशवी त्या यंत्रात घालायची नव्हती. "अंदर कौन बैठा है, पहले दिखाओ," असं तो जवानाला सांगत होता. हे आपलेच, हे ओळखायला चेहरा बघायची गरज नव्हती.

"काका, तुम्ही? पुण्याला? स्नेहलकडे?"

"तुम्ही काहून चालले?" त्यांनी उलट विचारलं. प्रश्नाला प्रश्नच द्यायचा, ही त्यांची पद्धत.

स्नेहल त्यांची एकुलती एक मुलगी. आई लवकर गेली, काकांनीच वाढवली. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न पुण्यातच झालं, कॉलनीतलं कोणी गेलं नव्हतं, आणि तेव्हापासून बापलेकीत बोलणं नाही, एवढं कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं. कारण कोणालाच ठाऊक नव्हतं.

अकराचं विमान. काकांना खिडकी मिळाली, मी विनंती करून शेजारची जागा घेतली. दार लागलं, पट्टे आवळले आणि घोषणा झाली: छोटीशी तांत्रिक अडचण आहे, दहा मिनिटांत निघू.

काकांनी घड्याळ पाहिलं आणि बोर्डिंग पासच्या मागं लिहिलं, '११.१० – दहा मिनिटं.' मग खिडकीला नाक लावून बसले. "खाली एकच मानूस हाये. तो पन मोबाईल पाहून राहिला."

साडेअकराला पुन्हा दहा मिनिटं. बाराला पंधरा. बाहेर ऊन रटरटत होतं आणि आत वरून येणारी हवा कोमट झाली होती. लोक सूचनापत्रकानं वारा घेऊ लागले. साडेबाराला कळलं की बिघाड दुरुस्त झालाय, आता फक्त कागदपत्रं. दहा मिनिटं.

"भैया," काकांनी पुढच्या सीटवरच्या, सदर बाजारातल्या कापडवाल्या शेठना विचारलं, "ये मिनट कौन से गाँव का है?"

शेठ हसले. पलीकडच्या रांगेतल्या बाईंनी छत्तीसगढीत दुजोरा दिला, "हव कका, सही कहत हव." बघता बघता काकांभोवती चाहते जमले. कोणी पाणी मागायला उठलं तरी आधी काकांना विचारून जाऊ लागलं, आता किती वाजले आणि किती मिनिटं झाली.

एकला त्यांनी हवाईसुंदरीला बोलावलं. पोरगी विशीतली, हसू कसंबसं टिकवलेलं.

"बेटा, सच बता. पायलट है कि नहीं?"

तिचं हसू गेलं. "सर, वो... उनका ड्यूटी टाइम पूरा हो गया. नए पायलट दूसरी फ्लाइट से आ रहे हैं. स्टाफ कम है, सर."

"म्हनजे गाडी हाये, ड्रायव्हर नाही!" काका माझ्याकडे वळून ओरडले. विमानात एकच कल्ला झाला. शेठ विमान कंपनीच्या मालकाला फोन लावू म्हणाले. मालकाचा नंबर नव्हता, म्हणून स्वतःच्या मेहुण्याला लावला. लोक त्या पोरीवर धावून जायला लागले, तसे काकाच उभे राहिले.

"तिले काहून बोलता? उसको कुछ मत बोलो. ड्यूटी खतम हुआ तो उतरना ही चाहिए. थका हुआ ड्राइवर गाडी चलाएगा तो कौन बचेगा?" मग तिच्याकडे बघून म्हणाले, "मुझे इसका गुस्सा नहीं है, बेटा. दस मिनट काहे को बोले? चार घंटा बोलते, मैं मान लेता."

पोरीनं मान खाली घातली. "हमको भी दस मिनट ही बोलते हैं, अंकल."

काका बोर्डिंग पास खिशात टाकून खाली बसले.

दोनच्या सुमाराला दार उघडलं. ज्यांना उतरायचं त्यांनी उतरावं, त्यांना उद्याच्या विमानात जागा मिळेल. मात्र एकदा उतरलं की आज परत चढता येणार नाही. निम्मं विमान उठलं. माझं कामही उद्यावर ढकलता येण्यासारखं होतं.

"चला काका, घरी जाऊ. उद्या येऊ."

"तुम्ही जा. मी नाही उतरत."

"अहो, अंग भिजलंय तुमचं घामानं."

"उतरलो तर पुन्हा चढनं होनार नाही माझ्याच्यानं," ते खिडकीकडे बघत म्हणाले. मी पुन्हा बसलो.

मग त्यांनी स्वतःहून सांगायला सुरुवात केली. "लग्नाच्या आधी पोराची चौकशी केली मी. त्याच्या ऑफिसात फोन करून पगार विचारला. घरमालकाले विचारलं, किती वाजता घरी येते. कॉलेजच्या मास्तरलेही सोडलं नाही."

"मग?"

"काहीच सापडलं नाही." हे त्यांनी फार दुःखानं सांगितलं.

"चांगलंच झालं की!"

"मले जास्तच डाऊट आला. लग्नाच्या मांडवात, सगळ्या पाहुण्यांसमोर, मी त्याले आधार कार्ड मागितलं."

मला हसू आवरेना, पण त्यांचा चेहरा बघून ते घशातच राहिलं.

"पोट्टी म्हने, बाबा, आता माझ्या घरी येऊ नका. नाही गेलो." त्यांनी पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली. आत चांदीचे वाळे होते, माझ्या अंगठ्यातही न जाणारे वाटावेत इतके लहान. "नात झाली. सात महिन्यांची हाये. एका लग्नात कोणाच्या तरी फोनात फोटो पाहिला."

"स्नेहलला कळवलंय ना, येताय म्हणून?"

"कळवलं तर नाही म्हनन. न कळवता गेलो तर दार तर उघडन. तेवढ्यात नात दिसन."

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. "काका, लोकांनी खरं सांगितलं नाही म्हणून सकाळपासून भांडताय. आणि स्वतः मुलीला काही न सांगता तिच्या दारात उभे राहणार? लावा फोन."

त्यांनी फोन काढून स्नेहलचा नंबर शोधला. मग लावला. पलीकडून पुरुषाचा आवाज आला. काकांनी फोन कानापासून लांब केला, पुन्हा जवळ आणला.

"मी... रायपूरहून. मेश्राम."

पलीकडचं मला ऐकू आलं, "कुठे आहात, बाबा?"

"विमानात. पन रायपुरातच हावो. उभं हाये."

"कधी निघणार?"

काकांनी दारात उभ्या असलेल्या त्या पोरीकडे पाहिलं. "दहा मिनिटं म्हनून राहिले," ते म्हणाले.

"मी येतो घ्यायला," जावई म्हणाला आणि फोन ठेवला.

नवे पायलट चारला आले. काका आकाशातही वाळे मुठीत धरून बसले होते.

पुण्यात बाहेर पडलो तर कठड्याशी एक उंच, सडपातळ मुलगा उभा होता. हा अनिकेत, जावई. विमानाचा नेमका भरवसा नव्हता म्हणून दोन तास आधीच येऊन थांबला होता. त्यानं वाकून नमस्कार केला. काका त्याच्या मागं कोणी आहे का ते बघत होते.

"स्नेहल घरी आहे," अनिकेत म्हणाला. "खोटं कशाला सांगू, राग आहे तिला अजून. मी परस्पर हो म्हटलं म्हणून दुपारपासून माझ्याशीही बोललेली नाही. पण निघताना बघितलं, तुमच्यापुरतं वरण वेगळं काढत होती. बिनमिठाचं."

"बिनमिठाचं काहून?"

"तुम्हाला बीपी आहे ना?"

काका थांबले. त्यांचं बीपी निघालं ते गेल्या दिवाळीत. ही गोष्ट डॉक्टरांना ठाऊक होती आणि आमच्या घरात. तिसऱ्या कोणाला सांगायची नाही, अशी त्यांनी ताकीद दिली होती. ते सावकाश माझ्याकडे वळले.

मी शपथेवर सांगतो, मला काही माहीत नव्हतं. पण त्या क्षणी डोक्यात लख्ख उजेड पडला. माझी बायको रोज दुपारी कोणाशी तरी फोनवर बोलते आणि विचारलं की म्हणते, "अहो, एक मैत्रीण आहे." ही मैत्रीण कोण ते मला पुण्यात, विमानतळाबाहेर कळलं.

"तुमच्या घरून बातम्या जाऊन राहिल्या होत्या," काका म्हणाले. "दोन वर्षं."

"काका, खरंच मला..."

ते अगदी जवळ आले. अनिकेतला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणला.

"वैनीले सांगा," ते म्हणाले, "बंद नका करू म्हना."