तांबट आळीच्या चित्रमेळ्याची हकीकत

कुलस्वामिनी साक्ष आहे. जे घडिले तेच लिहिले, शोभेसाठी वाढविले नाही. उणे दिसेल ते वाचणारांनी पोटात घालावे. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, माघमासी एका राजधानीचे थोर लोक एकत्र बैसले आणि मसलत केली की, आपणांकडे उद्याने जाहली, उड्डाणपूल जाहले, आता संस्कृती पाहिजे. आणि एक संस्कृती तर कोणाकडेही असते, मग आपण सात देशींची एकदमच आणावी. मग साता देशींचे चित्रपट उघड्यावर दाखवावे ऐसे ठरले, आणि जागा तांबट आळीची पसंत पडली, कारण की तेथील भिंती जुन्या, आणि जुन्या भिंतीपुढे उभे राहिले म्हणजे फोटो चांगला निघतो. तीन दिवस आधी आळीत हुकूम फिरला की, भांड्यांवरचे ठोके बंद ठेवावे, पाहुण्यांस आवाज सोसवत नाही. तांबटांनी हातोडे खाली ठेविले. मग तेच हातोडे मेळ्याच्या सरदारांनी मागून नेले आणि रेशमी दोरीने मंचावर टांगिले आणि खाली फलक लाविला, 'जिवंत परंपरा'.

त्या आळीत केरोबा तांबट राहात असे. त्याचे कुटुंब सगुणाबाई मागले श्रावणात वारली. चाळीस वर्षांमागे परमुलुखींचे दोघे गोरे आळीत येऊन तांबटांचे काम कॅमेऱ्यात धरून घेऊन गेले होते, आणि त्यात सगुणाबाई दारात बसून घागर घासते ऐसे होते. गोऱ्यांनी चित्र पाठवितो म्हटले आणि पाठविले नाही. घरी सगुणाबाईचा फोटो एकच, रेशनकार्डाचा, आणि त्यात ती कोणा परक्याची बायको दिसे. म्हणोन शेजारीण हौसाबाई मेळ्याची यादी घेऊन आली आणि म्हणाली, "केरूभावजी, ते गोऱ्यांचं चित्र दाखवणार आहेत. आठ मिनिटांचं आहे," तेव्हां केरोबाने त्याच दिवशी दाढी केली, आणि मेळ्याचे दिवशी पुन्हा केली.

दिवेलागणीस थोर लोकांच्या स्वाऱ्या आल्या. पुरुषांनी बाराबंद्या घातल्या होत्या आणि बंद कोणासही बांधता येत नव्हते. बायकांनी नऊवारी शिवून आणविली होती आणि पायी पळण्याचे बूट होते. आणि थालीपीठास परदेशी नाव ठेवून ते कागदाचे द्रोणात विकीत होते. केरोबा हौसाबाईसह मेळ्याभोवती बांधिलेल्या दोरीपाशी गेला तो पहारेकरी म्हणाला, "पास?"

"माझं घर आत आहे, बाबा."

"मग घरी जा. खुर्चीवर बसायचं नाही."

हौसाबाई म्हणाली, "अरे मेल्या, आमच्याच दारात आम्हाला पास? उद्या न्हाणीला पण दोरी बांधशील!"

इतक्यात मेळ्याचे कारभारी चंद्रहासराव तेथे पातले आणि त्यांनी केरोबाचे हात पाहिले, काळे आणि घट्टे पडलेले, आणि फार हर्ष पावले. म्हणाले, "आजोबा, आम्ही तुम्हालाच शोधत होतो! एक ज्येष्ठ कारागीर सत्काराला हवाच होता."

केरोबा म्हणाला, "सत्कार नको. आळीचं चित्र कधी लावता?"

"सत्कारानंतर लगेच. तोवर पडद्यामागे बसा. नाव पुकारलं की या."

मग दोघांस पडद्यामागे बाकावर बसविले. पुढे दीपप्रज्वलन जाहले. वारा होता, समई तीनदा विझली, आणि तिन्ही वेळां टाळ्या जाहल्या. मग स्वागत जाहले, मग स्वागत करणारांचे स्वागत जाहले, मग अध्यक्ष महाराज एक घटकाभर बोलिले की, वेळेअभावी दोनच शब्द बोलतो. मग पाच देशींची पाच चित्रे जाहली. खुर्च्यांतील लोक आपापल्या फोनमध्ये आपलेच फोटो पाहात होते. मग कळले की अध्यक्षांस विमान गाठणे आहे. चंद्रहासरावांनी तोड काढिली की, आळीचे चित्र पडद्यावर चालू द्यावे आणि बाजूस मंचावर सत्कार उरकावे. इकडे आळीचे चित्र आणि तिकडे आळीकर. शोभा दुप्पट, वेळ निम्मा. या तोडीबद्दल त्यांची फार वाहवा जाहली.

चित्र सुरू जाहले. पडदा पातळ होता, मागूनही स्वच्छ दिसे. अक्षरे मात्र उलटी, उजवीकडून डावीकडे. भट्टी दिसली, भाता दिसला, आणि मग दार दिसले आणि दारात सगुणाबाई बसलेली दिसली. आणि त्याच क्षणी भोंग्यातून पुकारा जाहला, "ज्येष्ठ कारागीर श्री. केरोबा तांबट यांनी मंचावर यावे!"

केरोबा उठला नाही. दुसरा पुकारा जाहला. चंद्रहासराव मागे धावत आले आणि दंड धरून म्हणाले, "चला आजोबा, अध्यक्ष शाल धरून उभे आहेत!"

"हात सोडा," केरोबा म्हणाला.

"अहो, दोन मिनिटांचं काम!"

"तीही पडद्यावर दोन मिनिटांपेक्षा जास्त बसणार नाही हो. हात सोडा म्हटलं ना."

तेव्हां हौसाबाईने पदर खोचला. "चला, शाल मी घेते. त्यांच्या अध्यक्षाला काय कळतंय केरोबा कोण ते!" ऐसे बोलून ती मंचावर गेली, आणि अध्यक्षांनी तिजला शाल पांघरवून, आपले ऐरणीवरील कष्टांस वंदन असो, म्हणोन फोटो काढविला.

केरोबा पडद्याशी उभा राहिला. सगुणाबाई चिंचेचा गोळा घेऊन घागर घाशीत होती, आणि डाव्या हाताने घाशीत होती. खरे पाहता त्या दिवशी कॅमेऱ्याशेजारी सासूबाई उभ्या होत्या, म्हणोन तिने घागर उजव्या हाताने घासली होती. डाव्या हाताने घासले भांड्यात देवाचे पाणी भरू नये ऐसे सासूबाईंचे म्हणणे असे. पण जन्माची ती डावखुरी. दार लावल्यावर, घरी दोघेच असता, ती डाव्या हाताने घाशी, आणि ते एक केरोबास ठाऊक. पडद्याचे पुढील बाजूस बसलेल्या चारशे लोकांस ती सासूची सून दिसली. मागून पाहणारास त्याची बायको दिसली. तिने एकदा वर पाहिले आणि कपाळावरील केस मनगटाने सारले. मग भांड्यांचे दुकान आले.

"तशीच," केरोबा म्हणाला. ऐकण्यास कोणी नव्हते.

तात्पर्य, मेळा थोर जाहला ऐसे सरदारांनी जाहीर केले, आणि दुसरे दिवशी हातोडे परत न देता पुढील साली लागतील म्हणोन ठेवून घेतले. त्यांवर राग धरण्यासारखे पुष्कळ आहे, तो धरिला आहे. परंतु त्यांनी एक माणूस चुकीचे बाजूस बसविला, इतकी त्यांची चूक माफ.