बिनश्रीचा मेल

विषयाच्या ओळीत एक उद्गारचिन्ह असलं तर मेल इनबॉक्समध्ये पोचतो. तीन असली तर थेट स्पॅममध्ये. हे मी स्वतः वेगवेगळी खाती उघडून तपासलं होतं. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या बाईला एक फिल्टर काय अडवणार!

प्रश्न मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या दुकानाचा होता. देवासमधलं त्यांचं धारजवळच्या बाग गावच्या छापाच्या साड्यांचं दुकान चालेनासं झालं होतं. ते बंद करा, असं माझा नवरा शंतनू दर दिवाळीला म्हणे, आणि मामंजी दर दिवाळीला 'होळीनंतर बघू' म्हणत. जुनी गिऱ्हाइकं इंदूर, धारकडे पांगली होती. पण २००७ साल होतं, त्यांच्या घरोघरी ईमेल आला होता. मी म्हटलं, सगळ्यांना मेल पाठवू आणि रविवारी घरीच, बैठकीत साड्या मांडू.

मामंजींनी मजकूर सांगितला. वर ठसठशीत '॥ श्री ॥', खाली लाल अक्षरांत महासेल, साडीवर ब्लाउजपीस मोफत! मेल स्पॅममध्ये गेला.

प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. मी लाल रंग काढला. स्पॅम. 'मोफत' काढलं. स्पॅम. महासेल गेला, साड्यांचे फोटो गेले. शेवटी उभ्या रेघांसकट 'श्री' काढला, आणि मेल पोचला! उरलं होतं ते एवढंच: 'भास्करराव, देवास. रविवारी सकाळी घरी यावे.'

मला ते फार नेटकं वाटलं. आपल्याकडे वर श्री नसलेलं पत्र कसली बातमी आणतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

रविवारी मामंजी रेशमी सदरा घालून दारात उभे होते. पहिल्या रिक्षातून धारच्या इंदिराबाई उतरल्या, पांढऱ्या लुगड्यात, पदर तोंडाशी धरून. मामंजींना पाहून त्या रिक्षात परत चढायला लागल्या. मागून आलेली मंडळीही पांढऱ्यातच. मामंजींचे शाळासोबती मोरोपंत तेवढे पुढे झाले, मित्राला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि खास इंदुरी ढंगात म्हणाले, "भिया, मरायचं नव्हतं तर बोलावलंस कशाला?"

मी सगळ्यांना फिल्टर समजावून सांगितला. इंदिराबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन का केला नाही, असं विचारलं. मी पोहे भिजवायला आत गेले.

मग पोहे झाले, चहा झाला. मामंजींबद्दल वाटेत जुळवून आणलेले चार चांगले शब्द लोकांनी त्यांच्या तोंडावरच बोलून टाकले. ते दिवसभर खुलले होते. पण साडी एकही गेली नाही. दुखवट्याला म्हणून निघालेलं माणूस परतताना नवं कापड घेत नाही, असं सगळ्यांनीच हळू आवाजात सांगितलं. त्यापेक्षा मेल स्पॅममध्येच राहिला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी आम्ही न उलगडलेल्या घड्या उचलत होतो. मामंजी बराच वेळ एका साडीच्या काठावरून हात फिरवत बसले.

"सूनबाई, आज एवढी माणसं माझ्यासाठी आली. साडीसाठी कधी आली नव्हती." मग त्यांनी शंतनूकडे पाहिलं. "दुकान बंद करू या."