गडी माणसाचं इंजेक्शन

मी काही लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच मी, तोही बी.एस्सी.ला. वडीलधाऱ्या माणसाबद्दल लिहिणं आगाऊपणाचं वाटलं, तर माफ करा.

पंचवटीतले आमचे शेजारी रंगनाथकाका शिंकले, तरी शिंक कबूल करत नसत. "धूळ गेली," म्हणायचे. फुलबाजारात साठीतही झेंडूचे दोन क्रेट एकदम उचलायचे आणि सर्दी झालेल्या हमालाला विचारायचे, "गडी हायेस ना?" स्वतः भर थंडीत नुसत्या बंडीवर फिरायचे. गडी माणसाला स्वेटर लागत नाही, असं त्यांचं म्हणणं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत एका दुपारी त्यांनी मला गच्चीवर नेलं आणि जिन्याचं दार लावून घेतलं. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी ते दर तीन महिन्यांनी इंजेक्शन घेत होते. पुरुषी हार्मोन जवळजवळ बंद पाडणारं. नाशकात कुणी पाहू नये म्हणून, कापड आणायच्या निमित्तानं थेट मालेगावला जाऊन.

"तू सायन्सचा. ते हार्मोन कमी असलं, तर हा कोरोना गड्याला जास्त धरतो का रे?"

जास्त आजारी पुरुषांत ते कमी सापडतं, असं मी वाचलं होतं. पण त्यामुळे आजार वाढतो की आजारामुळे ते घटतं, हे नक्की नव्हतं. मी चाचरत तसंच सांगितलं.

"म्हंजे तीन वर्षं शिकून तुला काय बी माहीत नाय," काका म्हणाले. मग काकूंना सांगणार नाही, अशी शपथ घातली.

आठवड्याभरात कोरोना होऊन ते ऑक्सिजनवर गेले. वॉर्डाबाहेर डॉक्टरांनी मला आणि काकूंना विचारलं, आधीचं काही औषध चालू आहे का? पेशंट तर नाही म्हणतो. शपथ पाळायची, की माणूस वाचवायचा?

"सर, एक..." एवढंच मी म्हणालो, तोवर काकूंनी पिशवीतून एक गठ्ठा काढून डॉक्टरांपुढे धरला. मालेगावच्या औषधाच्या पावत्या, अगदी पहिल्या इंजेक्शनपासूनच्या.

"शर्ट मीच धुते त्यांचे," त्या मला म्हणाल्या. "पण त्यांना कळू देऊ नको. खचतील."

पाचव्या दिवशी ऑक्सिजन कमी केला आणि काकांचा फोन आला. डॉक्टरांनी त्यांना पुढच्या इंजेक्शनची तारीख विचारली होती. मीच फुटलो, असं धरून काकांनी धाप लागेपर्यंत मला शिव्या दिल्या. शेवटी हळूच म्हणाले, "तिला तोंड कसं दाखवू आता?"

काकू शेजारीच होत्या, त्यांना फोनमधलं सगळं ऐकू येत होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मानेनं 'सांग' म्हटलं.

"काका, मी नाही सांगितलं. काकूंना पहिल्या इंजेक्शनपासून माहीत आहे."