ओढ्यावरच्या पुलास सर्वानुमते मंजुरी

मत गुप्त ठेवावं लागतं ते ज्या समाजाचा शेजाऱ्यांवर विश्वास उरलेला नसतो त्या समाजात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात अजून तशी वेळ आलेली नाही. तिथे दर चार वर्षांनी, ऐन थंडीत (उणे एकोणीस, म्हणजे निष्ठावंत तेवढेच यावेत), पक्षाचे मतदार चर्चच्या तळघरात जमतात आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहतात. मग डोकी मोजतात. कोणाचा नवरा कोणत्या कोपऱ्यात गेला हे अख्ख्या गावाला एकदमच कळतं आणि पुढच्या चार वर्षांच्या गप्पांची सोय होते.

आर्लीस टाडेन, वय अडुसष्ट, शाळेच्या बसची निवृत्त चालक, त्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष निवडायला आलीच नव्हती. तिला ओढ्यावरचा पूल हवा होता. काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, तो तीन वर्षांपूर्वी बंद केला. तिची थोरली बहीण वर्ला पलीकडच्या काठावर एकटी राहते, आणि कंबरेचं हाड मोडल्यापासून तिला घराबाहेर पडवत नाही. पुलावरून चार मिनिटं लागायची. आता वळसा घालून सतरा मैल पडतात. गेल्या आठवड्यात वर्ला न्हाणीघरात पडली, तेव्हा आर्लीसला पोचायला पन्नास मिनिटं लागली. तेवढा वेळ म्हातारी गार फरशीवर पडून होती, हे आर्लीसच्या मनातून जाता जात नव्हतं. पूल उघडा, असा ठराव तिने स्वच्छ अक्षरात लिहून आणला होता.

ठराव सगळ्यात शेवटी घेतात (राष्ट्राचं भवितव्य आधी, ओढे नंतर). त्याआधी नियम असा, की उपस्थितांच्या पंधरा टक्के डोकी जमली नाहीत तर तो कोपरा बाद. उपस्थित होते सत्त्याऐंशी. त्यांचे पंधरा टक्के तेरा पूर्णांक पाच शतांश. पाच शतांश मतदार जिल्ह्यात उपलब्ध नसल्याने आकडा चौदा धरण्यात आला. उमेदवारांत एक गव्हर्नर होता; त्या गव्हर्नरवाल्यांच्या कोपऱ्यात तेरा जण होते, आणि आर्लीस मधोमध एकटी उभी होती.

एरवी वर्षभरात तिची कोणी विचारपूस केल्याची नोंद नाही. आता दोन मिनिटांत तिला तीन कॉफ्या आणि एक उबदार मफलर मिळाला. गव्हर्नरवाल्यांचा म्होरक्या, विमा विकणारा ड्वाइट कॉन्ली, तर तिचा हातच सोडेना.

"आर्लीसबाई, आज देशाला तुमची गरज आहे!"

"देशाला आमचा पूल ठाऊक आहे का?"

"पूल? अहो, पूल म्हणजे आमचा जीव की प्राण!"

"मग माझा ठराव होईपर्यंत थांबाल? सगळेच्या सगळे?"

"म्हणजे काय! बूड हलवणार नाही कोणी."

(सगळे उभेच होते, हे तिच्या नंतर लक्षात आलं.) ती कोपऱ्यात गेली. चौदा झाले. टाळ्या पडल्या.

मोजणी आटोपल्यावर निष्ठावंतांची पांगापांग अत्यंत शिस्तीत पार पडली. एकाची गाय व्यायला झाली होती, नऊ जणांची मुलं शेजाऱ्यांकडे होती, बावीस जणांना गाडी गरम करायची होती. ड्वाइट "एक फोन करून आलोच" म्हणून गेला. सव्वानऊला तळघरात तिघं उरले: आर्लीस, चर्चची किल्ली ज्याच्याकडे असते तो अध्यक्ष लोरेन ह्रुस्का, आणि खुर्चीत गाढ झोपलेला मर्ल.

"चार वर्षांपूर्वीच्या सभेतला ठराव कसा लिहिला होता बघू दे," म्हणत लोरेनने वही उघडली आणि मोठ्याने वाचलं, "'कमी वापराचे पूल, विशेषतः ओढ्यावरचा, बंद करावेत. अनुमोदन मर्ल. उपस्थित एक्याण्णव. सर्वानुमते मंजूर.'"

"सर्वानुमते? कोणत्या गाढवांनी?"

लोरेनने हजेरीच्या यादीवर बोट ठेवलं. क्रमांक सदतीस, आर्लीस टाडेन, सही तिचीच.

"मी नव्हते त्या वेळी!"

"नव्हतीसच. वर्लाकडे जेवायला जायचंय म्हणून लवकर सटकलीस. पुलावरून."

आर्लीसला कान उपटून घ्यावेसे वाटले, स्वतःचेच. मग तिने विचारलं, "आणि आज उपस्थित किती लिहिणार? तीन?"

"छे! उपस्थिती सुरुवातीची धरतात. सत्त्याऐंशी."

आर्लीसने पेन मागून घेतलं आणि ठरावाखाली एक ओळ वाढवली. पुलाचा खर्च भागावा म्हणून ड्वाइट कॉन्ली यांच्या रस्त्यावरचा बर्फ काढणं थांबवावं.

"मर्ल, अनुमोदन?"

"आहे," मर्ल डोळे न उघडता म्हणाला.

एवढा प्रचंड लोकाग्रह पाहून काउंटीने त्या उन्हाळ्यात पूल उघडला. पुढच्या हिवाळ्यात ड्वाइट कंबरभर बर्फ तुडवत कचेरीत भांडायला गेला, तेव्हा त्याला अदबीने वही दाखवण्यात आली. सर्वानुमते. क्रमांक एकेचाळीस, सही त्याचीच.

यावर मनापासून हसलेल्या वाचकांनी आपल्या सोसायटीच्या गेल्या वार्षिक सभेत, सही करून आणि वडा खाऊन झाल्यावर, आपण कितव्या विषयाला उठलो ते आठवून पाहावं. आठवलं नाही तरी बिघडत नाही. पुढच्या सगळ्या विषयांना तुमची संमती आहेच.