मोरघार आणि तिच्याखालचा कारकून

पहाटेच्या धूसर उजेडात भूमापन कचेरीतला कारकून पक्ष्यांचे फोटो काढायला बांधलेल्या, गवताने शाकारलेल्या लपणात रांगत शिरला. मागून त्याच्या ताईने त्याच्या हाती थर्मास दिला आणि लपण खाली झुडपात बांधायचे सोडून असे उघड्या टेकाडाच्या माथ्यावर कशाला, असे विचारले. इथून कडा दिसतो, एवढेच तो म्हणाला.

त्या कड्यावर मोरघारींचे, म्हणजे मोठ्या शिकारी गरुडांचे, एक जोडपे राहत होते. तीन वर्षे तो दर रविवारी त्यांचे फोटो काढत आला होता. त्या साऱ्या फोटोंत आभाळ फार सुरेख आले होते. मोरघार मात्र धुळीच्या कणाएवढी. आता त्याची बदली झाली होती, आणि नव्या गावी क्षितिजापर्यंत कडा म्हणून नव्हता. हा शेवटचा रविवार. लपणासमोर वीस पावलांवर त्याने एक वठलेली फांदी रोवली होती. मोरघारीने तिच्यावर घटकाभर बसावे, एवढीच त्याची नम्र अपेक्षा होती.

ताई नेहमीप्रमाणे खालच्या रस्त्यावर गाडीत शब्दकोडे घेऊन बसली. त्याला गाडी चालवता येत नव्हती आणि तिला पक्ष्यांत गोडी नव्हती. अशा समजुतीवर दोघांचे रविवार पार पडत.

नऊच्या सुमारास त्याच्या हातातला फोन थरथरला. ‘आली,’ ताईने लिहिले होते. त्याने फांदीकडे पाहिले. फांदी मोकळीच. कुठे, असे त्याने विचारले.

‘तुझ्या डोक्यावर.’

निदान आज तरी थट्टा नको, असे तो लिहू लागला, तोच छताचे कापड हळूहळू खाली आले आणि त्याच्या केसांना टेकले. विणीतून काळ्या नख्यांची टोके आत आली होती. वरून पिसे विंचरल्याचा आवाज येत होता, रेशमावरून हात फिरवल्यासारखा. साऱ्या माळावर सर्वांत उंच जागा त्यानेच बांधली होती, आणि जाणकार पक्ष्याने तीच निवडली होती.

त्याने श्वास रोखून कॅमेऱ्याचे मोठे भिंग आत ओढले, छतातल्या फटीकडे वळवले, आणि मग त्याच्या ध्यानात आले की हे भिंग चार मीटरांच्या अलीकडचे काही पाहू शकत नाही. तीन वर्षे पक्षी लांब होता म्हणून फोटो नव्हता. आज तो जवळ होता म्हणून नव्हता.

राहता राहिला फोन. तो मुठीत धरून त्याने हात लपणाच्या खिडकीतून बाहेर काढला आणि इंचाइंचाने वर वळवला. स्क्रीनवर निरोप उमटला असेल. तो त्याला दिसला नाही. छत मात्र पुढच्या बाजूला झुकले. कोणीतरी वाकून बघत होते. त्याने हात आत घेतला आणि निरोप वाचला. ‘बोटं आत घे. ती बोटांकडे बघतेय.’

मग त्याने काहीच केले नाही. मान वाकडी, पाय बधिर, अशा अवस्थेत तो चाळीस मिनिटे त्या राजस ओझ्याखाली बसून राहिला. एवढा मान आपल्याला उभ्या आयुष्यात कोणी दिला नव्हता, असे त्याला वाटत राहिले. अखेर वर दोन पंख उघडले, लपणाचे निम्मे गवत उडाले, आणि केसांवरचा भार गेला.

तो लंगडत खाली उतरला, तेव्हा ताई गाडीबाहेर उभी होती. कोडे चिखलात पडले होते.

“अरे, काय डोळे आहेत तिचे,” ती हळूच म्हणाली. “तीन वर्षांत एकदा तरी सांगायचंस ना मला.”

तो दर रविवारी सांगत आला होता. त्याने कोडे उचलून त्यावरचा चिखल पुसला.

दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या निरोपाच्या चहाला ताईने गाडीतल्या त्याच्या जुन्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो हातोहात फिरला. सोनेरी उन्हात छाती काढून बसलेली मोरघार, आणि तिच्याखाली गवताचा एक ढीग. साहेबांनी चष्मा पुसून तो दोनदा पाहिला. एवढी वर्षे रविवारी कामाला न बोलावल्याचे सार्थक झाले, म्हणाले. फोटो ताईचा आहे, हे त्याने प्रामाणिकपणे सांगितले.

“म्हणजे संधी आली आणि तुम्हीच जागेवर नव्हतात?” साहेब हळहळले. “होतात कुठे?”

कारकुनाने गवताच्या त्या ढिगाकडे एकदा प्रेमाने पाहिले.

“तिथेच होतो, साहेब,” तो म्हणाला. “पण हलता येत नव्हतं.”