लालवर हिरवी रेघ

आमच्या चिक्कडपल्लीच्या गल्लीत नव्या गाड्या येऊ लागल्या, तेव्हा जो तो आधी हॉर्न वाजवून बघायचा. कोर्टातून निवृत्त झालेल्या आमच्या शेजारच्या नरहरीकाकांनी आधी गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडलं आणि वायरिंगचा नकाशा काढला.

"बघ, पंधरा आर-जी. पंधरा म्हणजे सर्किट, आर म्हणजे वायर लाल, जी म्हणजे तिच्यावर हिरवी रेघ. समजलं का नाही?"

मी "हौ" म्हणालो. समजलं काहीच नव्हतं. पंधरा नंबर दिव्याचा की वायरचा? मग पंधरा-ए कुठून उगवला? घरी येऊन मी मिक्सरच्या वायरकडेही संशयाने बघू लागलो.

"कोड वाचता आला की मिस्त्री कायकू?" म्हणत काकांनी रेडिओ स्वतःच बसवला. तेव्हापासून ब्रेक दाबला की हॉर्न वाजे. गाडी गल्लीच्या टोकापर्यंत जाई आणि बोंबलत परत येई. काकूंनी हौसेने बुक केलेली गाडी. ती आली त्या गेल्यावर. हिमायतनगरपर्यंत पहिली चक्कर मारायची, एवढंच त्यांचं मागणं होतं.

मग दर रविवारी माझी हजेरी. काका डॅशबोर्डखाली आडवे, मी बॅटरीचा उजेड धरून. एकेक वायर पुढे करून विचारायचे, "ही कोणती, बोल. पक्कं ना?" मी रंग सांगायचा, ते कोडची चिठ्ठी चिकटवायचे. मला वाटे, माझी परीक्षाच चाललीय.

एकदा माझ्या तोंडून लालऐवजी हिरवी निघालं. काकांनी मुकाट्याने हिरवीची चिठ्ठी लावली. मी चक्रावलो. एवढा काटेकोर माणूस!

"काका, ही लाल आहे."

ते बाहेर सरकले. लावलेली चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली.

"मला दोन्ही एकच दिसतात रे. लहानपणापासून. तुझ्या काकूला तेवढं ठाऊक होतं. सिग्नलला स्कूटरवर मागून 'चला' म्हणायची. लोकांना वाटायचं, बाई नवऱ्याला हाकायलीय."

लाल-हिरव्याचा तो घोळ निस्तरला आणि ब्रेक मुका झाला. त्याच दुपारी आम्ही निघालो. हिमायतनगरच्या चौकात दिवा बदलला, तरी काका स्टिअरिंग घट्ट धरून बसलेले. मागचे ओरडू लागले.

"चला, काका!"

त्यांनी गिअर टाकला. चौक ओलांडल्यावर समोर बघतच म्हणाले, "थोडं हळू म्हणत जा. ती हळू म्हणायची."